विकायला काढलेली घरघर

टिल्ली रांगायला लागली आणि पहिल्याच मोहिमेत तिनं गाठला तो बापाचा अ‍ॅम्प्लिफायर.

हॉलमध्ये भिंतीलगतच्या ठेंगण्या स्टँडवर तो बसलेला असायचा; दोन बाजूंना स्पीकर, शेजारच्या तिपाईवर रेकॉर्ड प्लेअर. जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. टिल्लीच्या बापानं लग्नाआधी एका शौकिनाकडून तो सेकंडहँड घेतला होता आणि त्या शौकिनानंही तो आणखी कुणाकडून तसाच घेतला होता. पुढं काचेचे व्हॉल्व्ह, मागं जाडजूड ट्रान्सफॉर्मर, आणि वजन असं की एकदा ठेवला की घर बदलेपर्यंत हलवायचं नाव नको. चालू केला की काचांच्या आतल्या तारा निखाऱ्यासारख्या लाल व्हायच्या आणि थोड्या वेळात काच इतकी तापायची की बोट लावलं तर फोडच यावा. टिल्लीला जगात दोनच प्रकारच्या गोष्टी आवडायच्या, लाल आणि चमकणाऱ्या. इथं दोन्हीची सोय एकाच ठिकाणी होती.

टिल्लीची आई मुळातच सावध. टेबलाच्या कोपऱ्यांना तिनं स्पंज लावला होता, सॉकेटना झाकणं बसवली होती, आणि ओट्याखालच्या कपाटाला अशी कडी लावली होती की तिला स्वतःला ते उघडायला दोन हात आणि एक शिवी लागायची. शिवाय बेबी मॉनिटर होता. त्याची एक डबी पाळण्याशी आणि दुसरी कायम तिच्याजवळ. टिल्ली मांडीवर असली तरी मॉनिटर चालूच. मग त्या डबीतून रिकाम्या पाळण्याची शांतता ऐकू यायची आणि तीसुद्धा ती कान देऊन ऐकायची.

नवरा दूरदेशी एका धरणाच्या कामावर होता. फोनवर त्याचा आवाज थोडा उशिरानं पोचायचा, त्यामुळे दोघं एकदम बोलायची आणि मग दोघं एकदम थांबायची.

"तो डबा मी विकतेय," तिनं जाहीर केलं.

पलीकडे शांतता. ती उशिराची होती की मनापासूनची, ते कळायला मार्ग नव्हता.

"बंद ठेव ना," शेवटी तो म्हणाला.

"बंदच आहे. ती जाऊन चाटतेय."

"बंद आहे तर चाटू दे की."

"अरे, उद्या कुणी चालू केला म्हणजे?"

"कोण करणार? तू एकटीच तर आहेस तिथं."

हे वाक्य दोघांनाही आवडलं नाही. त्यानंतर त्यानं फार ताणलं नाही. "बरं, वीक," तो म्हणाला, "पण ऐकवल्याशिवाय द्यायचा नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कुणी नुसता बघून घेत नाही. आधी चांगला तापू द्यायचा, मग माणसाला समोर बसवायचं. तो स्वतःची रेकॉर्ड घेऊन येईल. त्याचं ऐकून होईपर्यंत उठवायचं नाही."

"परका माणूस आपल्या हॉलमध्ये बसून राहणार?"

"तशी पद्धत असते. आणि हे बघ, चांगल्या घरी दे."

"मांजराचं पिल्लू आहे का ते?" ती म्हणाली, पण तोवर त्याला साइटवर कुणीतरी हाक मारली होती.

तिनं इंटरनेटवर जाहिरात टाकली. दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. मोठ्या माणसाशी बोलायची सवय मोडली होती. दिवसभर बोलायची ती टिल्लीशी, आणि टिल्लीच्या बाजूनं संभाषणात फक्त 'ब' हे अक्षर होतं. परवा कुरियरवाल्याला तिनं टिल्लीच्या पहिल्या दाताची हकीकत सांगायला घेतली, तर तो बिचारा 'हो का, हो का' करत एकेक पायरी उतरत गेला. शेवटचा भाग तिला कठड्यावरून वाकून सांगावा लागला होता.

आलेले गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते. इस्त्रीचा शर्ट, काखेत रेकॉर्डचं पाकीट. दारातच त्यांनी टिल्लीकडे पाहिलं आणि म्हणाले, "खालचा एक आलाय. शेजारचाही वाटेवर आहे. रात्री रडते?"

"रडते हो!" ती इतक्या आनंदानं म्हणाली की डॉक्टर जरा बिचकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"जन्म गेला माझा दुसऱ्यांच्या तोंडात बघण्यात."

अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. टिल्लीला तिनं मांडीवर घट्ट धरलं. आता तापेपर्यंत करायचं काय? तिनं मॉनिटरची डबी मशीनशेजारी टेकवली आणि टिल्लीला कडेवर घेऊन चहा केला. डॉक्टरांनी विचारलं, दूध पिते का, झोप होते का, आणि मग अगदी सहज, "आणि तुमची होते का?" हा प्रश्न तिला कित्येक महिन्यांत कुणी विचारला नव्हता. उत्तर लांबलं. अ‍ॅम्प्लिफायर तापून लालबुंद झाला तरी उत्तर चालूच होतं आणि डॉक्टर दात काढून घेणाऱ्या पेशंटला द्यावा तसा धीर देत मान हलवत होते.

मग त्यांनी रेकॉर्ड लावली, दोन स्पीकरच्या समोर मधोमध खुर्ची ओढली आणि डोळे मिटले. एक बाई गाऊ लागली. तिच्या मागं मात्र बारीक घरघर येत होती, कुणीतरी भिंतीपलीकडे कूलर लावून झोपल्यासारखी.

"हं," डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले.

"वाईट आहे का?"

"वाईट म्हणजे... कीड कुठल्या दातात आहे ते आधी शोधायला हवं. एका बैठकीत नाही कळायचं. परवा आलो तर चालेल?"

"चालेल की!" ती म्हणाली. मग जरा भारदस्तपणे, "म्हणजे, मला वेळ बघावा लागेल." आणि तिनं भिंतीवरच्या कोऱ्या कॅलेंडरकडे बघून वेळ काढला.

कीड तिला दुसऱ्या दिवशी सापडली. टिल्ली झोपल्यावर तिनं मशीन चालू केलं, घरघर होतीच. धूळ पुसताना तिनं अ‍ॅम्प्लिफायरशेजारची मॉनिटरची डबी उचलून खिडकीत ठेवली आणि घरघर बंद. पुन्हा ठेवली, सुरू. अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत होता. घरघर तिच्याच काळजीची होती.

तिनं लगेच डॉक्टरांना फोन लावायला घेतला. 'डॉक्टर, घरघर गेली' हे वाक्य तयारही केलं. मग तिच्या डोक्यात दुसरा हिशेब सुरू झाला. घरघर गेली की डॉक्टर अ‍ॅम्प्लिफायर नेणार. अ‍ॅम्प्लिफायर गेला की डॉक्टर येणार नाहीत. तिनं फोन ठेवला आणि डबी उचलून मुकाट्यानं पहिल्या जागी नेऊन ठेवली.

मधल्या काळात आणखी माणसं येऊन गेली. एक जोडपं आलं. त्यातल्या बायकोनं "याला ब्लूटूथ आहे का?" असं विचारल्यावर नवऱ्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की जिना उतरतानाही त्या दोघांचं त्यावरच चाललेलं ऐकू येत होतं. एक बँकेतले साहेब आले, घरघर ऐकली आणि चहा न पिताच गेले. अशा लोकांचं तिला काही वाटलं नाही. डॉक्टरांची गोष्ट वेगळी होती. डॉक्टरांना बिघाड आवडायचा.

एके दिवशी डॉक्टर यायच्या जरा आधी टिल्लीनं घोटाळा केला. मॉनिटरची डबी तोंडात धरून ती स्वयंपाकघरात पसार झाली होती आणि जाता जाता डाव्या स्पीकरची तार उपटून गेली होती. आईनं घाईघाईनं मशीन बंद करून तारेची टोकं सुचली तशी परत बसवली. बेल वाजली. डबी सापडेना. आज घरघर नाही, आज सगळं संपणार, असं मनाशी म्हणत तिनं दार उघडलं.

रेकॉर्ड सुरू झाली. घरघर नव्हती. पण गाणाऱ्या बाईला काहीतरी झालं होतं. ती समोर नव्हती, मागंही नव्हती. शेजारच्या बिऱ्हाडातल्या न्हाणीघरात उभं राहून गावं तशी पोकळ ऐकू येत होती.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "अरे वा! हे नवीन आहे."

त्यांनी बाह्या वर केल्या. एकेक व्हॉल्व्ह गार होऊ दिला, चिमटीत धरून हलवत हलवत काढला, उजेडात धरून पाहिला. "सरळ ओढायचा नाही. दाढेसारखंच आहे. आधी तिला वाटू द्यायचं, की आपणच निघतोय." त्यात चहा दोनदा झाला. अखेर ते रांगत डाव्या स्पीकरच्या मागं गेले. टिल्ली त्यांच्या मागोमाग. तिला आपल्या बरोबरीचं माणूस प्रथमच भेटलं होतं.

"सापडलं!" आतून आवाज आला. "लाल तार काळ्यात, काळी लालमध्ये. एक स्पीकर हवा पुढं ढकलतोय, तेव्हा दुसरा मागं ओढतोय. दोघांचं एकमेकांत जिरून जातं आणि मधल्या माणसाच्या पदरात काही पडत नाही."

"हो का," ती म्हणाली. फोनवरच्या नवऱ्याचा विचार तिच्या मनात येऊन गेला. पण त्याहून जास्त काळ टिकला तो दुसरा विचार. लाल तार काळ्यात. किती सोपं होतं!

त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायरची तब्येत काही धड राहिली नाही. कधी घरघर, कधी पोकळ आवाज, कधी एक बाजू मुकी. तिच्या परीनं ती एका वेळी एकच दुखणं काढायची; पण डॉक्टरांना दोन-दोन सापडायची, याचं तिलाही नवल वाटायचं. वाटायचं, जुनं मशीन, असेल. डॉक्टर एक दिवसाआड यायचे, मग रोज यायला लागले. चार वाजायला आले की ती केस विंचरायची. टिल्लीलाही विंचरायची, जरी टिल्लीला केस असे नव्हतेच.

"तुमच्याकडे असा नाही का एखादा?" तिनं एकदा विचारलं.

"आहे की. उत्तम वाजतो. कध्धी बिघडत नाही." डॉक्टरांनी ते तक्रारीच्या सुरात सांगितलं. "याचं काय असतं, समोर मधोमध बसलं तरच खरं ऐकू येतं. एकाच माणसाची जागा. मी तिथं बसायचो. आमची ही डाव्या बाजूला, शिवणकाम घेऊन. सारखी म्हणायची, मला नुसतं एका कानानंच ऐकू येतं. मी म्हणायचो, तुझं लक्ष नाही."

"मग?"

"ती गेल्यावर एकदा तिच्या जागी बसून पाहिलं. खरंच हो, नुसतं डावं ऐकू येतं. बिचारी इतकी वर्षं खरं बोलत होती." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, आणि ते चमच्यानं काढण्यात त्यांनी बराच वेळ घेतला. तिनंही तो घेऊ दिला.

हे असंच चाललं असतं. पण खालच्या मजल्यावर काकू राहत होत्या आणि काकूंचे कान कुठल्याही व्हॉल्व्हपेक्षा तयार होते. काकूंनी तिच्या सासूबाईंना फोन केला. "नाही, काळजीचं काही नाही हो. वयस्कर गृहस्थ आहेत. रोज येतात, डोळे मिटून बसतात, मधूनच जमिनीवर रांगतात. म्हटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

सासूबाईंना ठाऊक नव्हतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"काय गं, रांगतं कोण?"

"टिल्ली रांगते, आई."

"टिल्ली सोडून."

"डॉक्टर आहेत ते. दातांचे."

"आणि दात बघायला रांगावं लागतं?"

सासूबाईंनी मुलाला फोन केला. मुलाला डॉक्टरांविषयी काहीच वाटलं नाही. बायकोला फोन लावून सगळं ऐकल्यावर त्याला धक्का बसला तो अ‍ॅम्प्लिफायरचा. "इतकी माणसं येऊन गेली आणि कुणी घेत नाही? आणि आवाज पोकळ येतो? माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा?" त्याच्या आवाजाला आज उशीर झाला नाही, इतक्या पोटतिडकीनं तो बोलत होता. "तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"मी रोज विचारतो, सगळं ठीक ना?"

"तेच विचारतोस."

मग तो म्हणाला, "जाऊ दे, तुझ्या डोक्याला ताप नको. मीच बघतो."

आणि त्यानं बघितलं. आपल्या शौकीन मित्रांच्या ग्रुपवर त्यानं निरोप टाकला आणि दोन दिवसांत त्याचा विजयी फोन आला. "गिऱ्हाईक मिळालं. स्टुडिओत आवाजाचं काम करते. कान म्हणजे काय विचारू नकोस. उद्या सकाळी येईल, ऐकेल, चांगला निघाला तर जागच्या जागी घेऊन जाईल. आता तुझी सुटका!"

सुटकेच्या कल्पनेनं तिला रात्रीचं जेवण गेलं नाही. तिनं डॉक्टरांना कळवलं.

"मग मला एकदा शेवटचा ऐकायला हवा," ते म्हणाले. "नाही म्हटलं तरी रांगेत मी पहिला आहे. सकाळी जरा आधीच येतो."

सकाळी उठल्याबरोबर तिनं डाव्या स्पीकरमागं जाऊन लाल तार काळ्यात आणि काळी लालमध्ये घातली. ती कानवाली बाई दोन मिनिटांत नाक मुरडून निघून जाईल, जाहिरात पुन्हा टाकता येईल, आणि चार वाजता चहा ठेवता येईल. कॉलेजात कॉपीसुद्धा केली नव्हती तिनं.

डॉक्टर आले. त्यांनी आल्याबरोबर मशीन तापत ठेवलं. तेवढ्यात टिल्ली आत रडू लागली. आई मॉनिटरची डबी उचलून आत धावली आणि टिल्लीला कडेवर घेऊन परत आली, तर डॉक्टर उजव्या स्पीकरच्या मागून रांगत बाहेर येत होते.

"चष्मा पडला होता," ते म्हणाले.

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

याचा विचार करायला सवड मिळाली नाही, कारण बेल वाजली. दारात हेल्मेट घातलेली एक मुलगी उभी होती. हेल्मेट काढलं तरी तिच्या चेहऱ्यावरचा भाव हेल्मेटसारखाच राहिला.

"तापलाय?"

"हो. चहा घ्याल ना?"

"नको."

"निदान पाणी?"

"ऐकून घेते." तिनं पाठीवरच्या पिशवीतून रेकॉर्ड काढली, लावली आणि मधोमध बसली. डोळे उघडे ठेवून. टिल्लीची आई आणि डॉक्टर दोन बाजूंना उभे राहून तिच्या कपाळावर आठी कधी पडते याची वाट बघू लागले, परीक्षेत पोराला पाडायला आलेल्या पालकांसारखे.

सूर सुरू झाला. आणि गाणारी बाई भिंतीच्या बरोबर मधोमध येऊन उभी राहिली. स्वच्छ, भरदार, हात पुढं केला तर हाताला लागेल इतकी जवळ. इतक्या दिवसांत अ‍ॅम्प्लिफायर असा वाजला नव्हता. घरघरसुद्धा नव्हती, डबी आईच्या हातात होती आणि ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांचा जबडा, पेशंटांना सांगत असतील तसा, मोठ्ठा उघडा होता.

"काही दोष?" हेल्मेटवालीनं विचारलं.

"घरघर येते हो," ती घाईनं म्हणाली. "खूप."

"कुठंय?"

"आज नाहीये. पण असते."

"व्हॉल्व्ह फार जुने आहेत," डॉक्टरांनी जोर लावला. "केव्हाही जातील."

"जुने आहेत म्हणूनच घेतेय. असे आता बनत नाहीत."

"तापतो फार."

"तापायलाच हवा."

"आणि वजन! तुम्हाला उचलणार नाही."

"खाली भाऊ थांबलाय." पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "तुम्ही दोघं विकताय की अडवताय?"

मुलीनं ठरलेली रक्कम फोनवरून तिथंच पाठवली, मशीन बंद केलं, व्हॉल्व्ह गार होऊ दिले आणि एकेक काढून कपड्यात गुंडाळला. सरळ ओढून काढला तिनं. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. भाऊ वर आला, दोघांनी मिळून अ‍ॅम्प्लिफायर उचलला आणि जिन्यावरून त्यांची पावलं जड जड होत उतरून गेली. खालच्या काकूंचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

हॉलमध्ये रिकामा स्टँड उरला. दोन्ही स्पीकर तोंड मिटून एकमेकांकडे बघितल्यासारखे उभे.

"असा कसा वाजला?" ती हळूच म्हणाली.

डॉक्टर खुर्चीत बसले. "मलाही तेच कळत नाहीये," ते म्हणाले. "कारण उजव्या स्पीकरची तार मी उलटी केली होती."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "आणि डाव्याची मी."

दोघांनाही एकदमच उमगलं. एकच स्पीकर उलटा असता, तर गाणं पोकळ झालं असतं. दोन्ही उलटे म्हणजे दोघं पुन्हा एकाच वेळी हवा पुढं ढकलणार, एकाच वेळी मागं ओढणार. झालं सरळ. दोघांनी आपापली लबाडी इतक्या चोख बजावली होती, की मशीनला चांगलं वाजण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं.

"म्हणजे ती दोन-दोन दुखणी..." ती म्हणाली.

"एक माझं असायचं," डॉक्टरांनी मान खाली घालून कबूल केलं. "जाताना एखादा व्हॉल्व्ह जरा सैल करून जायचो. आणि ती मॉनिटरची डबी मी पहिल्याच दिवशी बघितली होती."

आधी ती हसली. मग डॉक्टर हसले. मग टिल्ली हसली, कारण सगळे हसत होते. हसणं संपल्यावर मात्र हॉल फारच मोठा वाटायला लागला. आता तपासायला काही नव्हतं. डॉक्टरांनी रेकॉर्डचं पाकीट काखेत मारलं, टिल्लीच्या तोंडात एकदा डोकावून शेजारचा दात आल्याचं सांगितलं आणि दारात "येतो" म्हणाले. कधी, ते तिनं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तो खूश होता. "बघ, एका तासात गेला की नाही! कसा वाजला शेवटचा?"

"सुंदर. असा कधीच वाजला नव्हता."

पलीकडे उशीर झाला. "मोकळं वाटत असेल आता हॉलमध्ये," तो म्हणाला.

"फारच."

पुढचे दिवस पूर्वीसारखेच गेले. फक्त पूर्वी ते आपण मोजत नव्हतो, हे तिच्या लक्षात आलं. चार वाजता हात आपोआप दोन कप काढायचा आणि एक परत ठेवायचा. टिल्ली रांगत स्टँडपाशी जायची, रिकाम्या फळीवर थापट्या मारायची आणि वळून आईकडे असं बघायची, की तूच काहीतरी केलंस. तिनं डॉक्टरांना फोन करायचा बऱ्याचदा विचार केला. पण फोन करून सांगायचं काय? 'डॉक्टर, काही बिघडलेलं नाही' हे काही फोन करायचं कारण होत नाही. टिल्लीचा वरचा दात येतोय असं सांगावं, तर त्यासाठी दात यायला हवा होता. तिनं रोज हिरडीवरून बोट फिरवून पाहिलं. दातही हटून बसला होता.

एका दुपारी बेल वाजली. तिनं दार उघडलं. दारात कुणी दिसेना. मग खाली पाहिलं, तर पायपुसण्यावर एक अ‍ॅम्प्लिफायर होता आणि त्याच्या मागं जिन्याच्या पायरीवर, घामाघूम, शर्टाची इस्त्री पार गेलेले डॉक्टर बसले होते.

"टॅक्सीवाला जिन्याच्या वळणावरच टाकून गेला," ते धापा टाकत म्हणाले. "वळणापासून इथवर मी एकेक पायरी चढवत आणला. माझाच आहे. म्हटलं, विकून टाकावा. तुम्ही ऐकून बघाल का?"

"मी?"

"पद्धतच आहे ती. ऐकवल्याशिवाय द्यायचा नाही. घेणाऱ्याच्या घरी, त्याच्याच स्पीकरवर. घाई नाही. चार-पाच बैठका तरी लागतातच."

ती काही बोलायच्या आत टिल्ली तिच्या पायांमधून सुसाट रांगत आली आणि तिनं अ‍ॅम्प्लिफायरवर झडप घातली. आई किंचाळली. पण टिल्लीचे हात काचेपर्यंत पोचलेच नाहीत. व्हॉल्व्हवर तारेच्या जाळीचं एक भक्कम झाकण बसवलेलं होतं. टिल्लीनं ते ओढून पाहिलं, चाटून पाहिलं आणि निषेधाचा 'ब' काढला.

टिल्लीच्या आईनं खाली बसून जाळीवरून हात फिरवला.

"ही तुम्ही करून घेतलीत?"

"नाही हो. बाजारात मिळते. कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरला बसते."

"आमच्याही?"

"तुमच्याला तर फारच छान बसली असती."

ती उठून उभी राहिली. नवऱ्याचा लाडका अ‍ॅम्प्लिफायर कुठल्यातरी स्टुडिओत वाजत होता, नवरा दूरवर उसासे टाकत होता, आणि हे सगळं एका जाळीवर निभावलं असतं. "मग डॉक्टर," तिनं शब्दावर शब्द ठेवत विचारलं, "हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, "सांगितलं असतं, तर तुम्ही तेव्हाच जाहिरात काढून टाकली असतीत. मग मी परवा कशाला यायचं?"

तिला खूप राग यायला हवा होता. तिनं तो आणायचा प्रयत्नही केला. नवऱ्याला काय सांगायचं, हा प्रश्न तर होताच. पण त्याचा आवाज पोचायला तसाही वेळ लागतो. तिनं टिल्लीला उचलून कडेवर घेतलं आणि दार सताड उघडलं.

"आधीच सांगते हं, डॉक्टर. मला हा विकत घ्यायचा नाहीये."

"बाई," डॉक्टर गुडघ्यांवर हात टेकून उठत म्हणाले, "मला तरी कुठं विकायचाय?"